'मांडणी विस्कळीत' म्हणजे नेमकं काय? जॉनर उघड शिकवावा की नाही?

कानामात्रा

विद्यार्थ्यांच्या लेखनावर 'मांडणी विस्कळीत' हा शेरा मी वर्षानुवर्षं मारत आलो. एकदा एका मुलीनं सरळ विचारलं, "सर, विस्कळीत कुठे झालीय? आणि नीट असती तर कशी दिसली असती?" मी गप्प. शुद्धलेखनाच्या चुकीवर बोट ठेवता येतं, मांडणीच्या चुकीवर कुठे ठेवणार?

उत्तर मिळालं ते सिस्टेमिक फंक्शनल भाषाविज्ञानात. मायकल हॅलिडे (१९२५–२०१८) यांनी भाषेकडे पर्यायांचं जाळं म्हणून पाहिलं: बोलणारा काय निवडतो, काय सोडतो आणि त्यातून कोणता अर्थ उभा राहतो. जिम मार्टिन यांनी त्यावर जॉनरचा मजला चढवला. इथे जॉनर म्हणजे सिनेमावाले म्हणतात तो नव्हे. टप्प्याटप्प्यानं एखादा हेतू गाठणारा कोणताही सामाजिक व्यवहार, मग तो अर्ज असो, अहवाल असो की भांडण.

१९८०च्या दशकात मार्टिन, जोन रॉदरी वगैरे मंडळींनी सिडनीतल्या शाळांमधलं लेखन तपासलं. मुलं मुख्यतः 'काय पाहिलं, काय केलं' एवढंच लिहीत होती. कारणं उलगडणारं, बाजू मांडणारं लेखन फारच थोडं. तेव्हा वारं होतं 'मुलांना मनातलं मोकळेपणी लिहू द्या' याचं. ऐकायला छान, पण ज्याच्या घरी पुस्तकं त्याला कारणमीमांसेची चाल आयती कानावर पडते. बाकीच्यांनी ती अंदाजानं ओळखायची. म्हणून या लोकांनी पद्धत बसवली: आधी नमुना उलगडून दाखवायचा, मग सगळ्यांनी मिळून फळ्यावर लिहायचं, मग ज्यानं त्यानं. माझं मत, हे न शिकवणं हा सरळ अन्याय आहे.

अर्धविराम

अन्यायबिन्याय ठीक, पण वर्गात याचं काय होतं ते बघा. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. मुलं साचा घोकतात आणि त्यात कोणताही विषय ओततात.

कॅरोलिन मिलर यांनी १९८४ सालीच मांडलं होतं की जॉनर म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रसंगाला दिलेला प्रतिसाद. प्रसंगच नसेल तर हातात उरते ती टरफलं. अविवा फ्रीडमन यांनी कॅनडातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांचं लेखन पाहिलं. त्यांना कोणी पायऱ्या शिकवल्या नव्हत्या, तरी ती मुलं कायद्याचा निबंध कायद्याच्या निबंधासारखा लिहायला लागली. पोहणं पाण्यात पडूनच येतं.

कानामात्रा

विद्यापीठापर्यंत पोचलेली मुलं होती ती. जी बुडाली ती त्या वर्गात कशी दिसणार?

मूळारंभ

थोडं पाणी ओततो, माफ करा. धाग्यात 'सिस्टेमिकवाले असं म्हणतात' असा सूर आहे, पण त्यांच्या घरातच यावर एकमत नाही. रुकैया हसन (१९३१–२०१५) यांचं म्हणणं होतं की रचनेसाठी वेगळा मजला लागत नाही. कशाबद्दल चाललंय, कोणाकोणात चाललंय, आणि बोलून की लिहून, म्हणजे त्यांच्या भाषेत फील्ड, टेनर आणि मोड, एवढं पक्कं झालं की संहितेचा सांगाडा त्यातूनच निघतो. खरेदी-विक्रीत मागणी, होकार, देवघेव हे घटक हवेतच. नमस्कार-चमत्कार झाले तर झाले. या सगळ्या शक्यतांच्या आराखड्याला त्या जेनेरिक स्ट्रक्चर पोटेन्शियल म्हणत, त्यातही 'पोटेन्शियल' शब्द महत्त्वाचा. मार्टिन यांच्या कल्पनेवर त्यांनी १९९५ साली सविस्तर टीकाही केली. तेव्हा 'जॉनर शिकवा' म्हणताना कोणाचा जॉनर, हे आधी ठरवा.

कानामात्रा

मान्य, ते मी गाळलं. पण मार्टिन यांची अडचणही खरी आहे. विषय तोच, माणसं तीच, माध्यम तेच, तरी एकदा किस्सा होतो आणि एकदा दाखला. हे पाहा:

'रात्री कुलूप उघडेना. किल्ली फिरवून पाहिली, तेल घातलं, शेवटी खिडकीतून आत शिरलो. बघतो तर मागचं दार सताड उघडं.'

इथे थांबलं तर नुसता वृत्तान्त. पुढे 'मी तिथेच बसून हसत सुटलो' आलं की किस्सा, कारण आता घटनेवर प्रतिक्रिया आहे. त्याऐवजी 'घाई केली की डोळ्यांसमोरचं दिसत नाही' आलं की दाखला. घटना आता कशाचा तरी पुरावा झाली. मार्टिन आणि गुंटर प्लुम यांनी गोष्टींचे हे प्रकार वेगळे काढले, त्याआधी सगळ्याला एकच 'कथा' म्हणत. फील्ड, टेनर, मोड तिन्ही वेळा सारखेच. मग फरक कुठे मांडायचा?

अर्धविराम

आणि तोच माणूस शेवटचं वाक्य न बोलता नुसता भुवया उडवून थांबला तर? ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं. तुमचं लेबल मात्र 'वृत्तान्त'च राहणार. शिवाय हसणारा आणि उपदेश करणारा यांचं ऐकणाऱ्याशी नातं एकच आहे, हे कोणी सांगितलं? उपदेश करणारा पायरीभर वर चढून बसतो. म्हणजे टेनर बदलला. हसनबाईंचं बरोबर.

मूळारंभ

हे आवडलं. मला सुचलं नव्हतं.

जुनी पाटी

मी विज्ञानाचे पाठ मराठीत आणण्याचं काम करते. तुमचं मजल्यांचं भांडण चालू द्या, पण मुलं अडकतात ती वाक्यात. पायऱ्या आठवडाभरात पाठ होतात.

मूल म्हणतं: 'पाणी जितकं जास्त तापतं, तितकी त्याची वाफ लवकर होते.' पुस्तक म्हणतं: 'तापमानवाढीबरोबर बाष्पीभवनाचा वेग वाढतो.' हॅलिडे याला ग्रॅमॅटिकल मेटाफर म्हणतात. 'तापतं' आणि 'वाफ होते' ही दोन क्रियापदं नामं होऊन बसली, 'लवकर'चा 'वेग' झाला, जितकं-तितकंचा सांधा गायब झाला, आणि उरलेलं एकुलतं क्रियापद 'वाढतो' पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. घटनेची वस्तू केली की तिच्याबद्दल पुढे बोलता येतं, तिला कारण म्हणून वापरता येतं, म्हणून विज्ञानाला ही खोड लागली. उगाच बोजड केलेलं नाही.

मराठीत यावर आणखी एक ओझं चढतं. इंग्रजीत इव्हॅपोरेट आणि इव्हॅपोरेशन सख्खी भावंडं आहेत हे पोराला दिसतं. आपल्याकडे 'वाफ होणं' आणि 'बाष्पीभवन' यांचं नातं दिसायला संस्कृत यावं लागतं. म्हणजे व्याकरण बदलतं तेव्हाच अख्खा शब्दही बदलतो. हे कोणी फळ्यावर सोडवून दाखवलं नाही तर मूल 'बाष्पीभवन' ही पाण्याखेरीज तिसरीच काही वस्तू समजतं. समजलेलं पाहिलंय मी.

अर्धविराम, हे पाण्यात पडून येत नाही हो.

अर्धविराम

इथे मागे सरतो, अर्धं पाऊल. वाक्य उलगडून दाखवायला माझा विरोध कधीच नव्हता. विरोध आहे तो भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्याला: 'स्पष्टीकरणाच्या चार पायऱ्या'. तक्ता आला की परीक्षक तक्त्याप्रमाणे गुण देतो आणि पाचवी पायरी लिहिणारं हुशार पोर मार खातं.

कानामात्रा

तक्त्याचा दोष सिद्धान्ताच्या माथी मारू नका. पण असे तक्ते मी पाहिलेत, नाकारत नाही.

मूळारंभ

सुरुवातीला ज्या मुलीचं सांगितलंत, तिच्या लेखनात शेवटी काय निघालं?

कानामात्रा

विषय होता 'लोखंड का गंजतं?' तिनं लिहिलेलं: 'आम्ही तीन खिळे घेतले. एक पाण्यात ठेवला. मग तीन दिवसांनी बघितलं.' मग, नंतर, त्यानंतर असं पानभर. एकही 'म्हणून' नाही, एकही 'कारण' नाही. विचारलेलं स्पष्टीकरण, लिहिलेला वृत्तान्त. आणि वृत्तान्त म्हणून तो अजिबात विस्कळीत नव्हता, चांगला रेखीव होता. मी शेरा खोडला आणि समासात लिहिलं, 'हे घडलं त्या क्रमानं लिहिलं आहेस. ज्यामुळे घडलं त्या क्रमानं लिहून बघ.'

अर्धविराम

बघा, एकाही पायरीचं नाव न घेता सांगितलंत. मी दुसरं काय म्हणत होतो?

कानामात्रा

ते वाक्य सुचायला मला दोन वर्षं पायऱ्यांचीच नावं वाचावी लागली, त्याचं काय?