लग्नात वाचलेले टोबित आणि मुलाचा एक प्रश्न : पवित्र शास्त्र कसे समजून घ्यावे?

वाचक_वैजापूर

नमस्कार. आमच्या कॅथलिक धर्मग्रामात मी गेली सहा वर्षे रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, पहिले वाचन करते. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या दिरांचे लग्न झाले. जाऊबाईंचे माहेर जालन्याचे आणि ती मंडळी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीची. लग्नाच्या मिस्सेत मी टोबित या ग्रंथाच्या आठव्या अध्यायातील टोबिया आणि सारा या नवदांपत्याची प्रार्थना वाचली, कारण आमच्याकडे लग्नात हे वाचन नेहमी घेतले जाते. जेवणाच्या वेळी जाऊबाईंच्या मामांनी पिशवीतून आपले पवित्र शास्त्र काढले, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत नहेम्यापर्यंत आणले आणि अगदी शांतपणे मला विचारले, "ताई, नहेम्यानंतर आमच्याकडे थेट एस्तेर आहे. तुम्ही वाचलेले पुस्तक यात नाही. ते आले कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात नववीतल्या मुलाने उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचून विचारले, "सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर आधीचे तीन दिवस कशावरून मोजले?" मी त्याला "फादरांना विचार" असे सांगून मोकळी झाले आणि नंतर मला स्वतःचीच लाज वाटली. रविवारी वाचनपीठावर उभी राहणारी मीच, आणि घरी उत्तर देण्याची वेळ आली की फादरांकडे बोट दाखवणार! म्हणून दोन्ही प्रश्न येथे एकत्र मांडते. कॅथलिक माणसाने शास्त्र अक्षरशः घ्यायचे, की फादर सांगतील तोच अर्थ धरायचा?

गोदाकाठ

ताई, मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो आणि मामांचा प्रश्न मलाही दोन-तीनदा विचारला गेला आहे, त्यामुळे आधी त्याचेच उत्तर देतो. कॅथलिक बायबलमध्ये 73 ग्रंथ आहेत, जुन्या करारात 46 आणि नव्या करारात 27. प्रोटेस्टंट मंडळींच्या बायबलमध्ये 66 आहेत. नव्या कराराबाबत वाद नाही. फरक आहे तो जुन्या करारातील सात ग्रंथांचा, म्हणजे टोबित, यहुदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींचे दोन ग्रंथ यांचा. याशिवाय एस्तेर आणि दानिएल या ग्रंथांतील काही भाग आपल्याकडे अधिक आहे.

ख्रिस्तपूर्व काळात ग्रीक बोलणाऱ्या यहुदी समाजासाठी शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले होते आणि त्या परंपरेत हे ग्रंथ वाचले जात होते. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीच्या हातात बहुतांशी तेच ग्रीक शास्त्र होते. पुढे इसवी सन 393 मध्ये हिप्पो येथील आणि 397 मध्ये कार्थेज येथील धर्मसभांनी दिलेल्या याद्यांत हे ग्रंथ आहेत. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारकांशी वाद पेटल्यावर ट्रेंटच्या महासभेने 8 एप्रिल 1546 रोजी तीच यादी अधिकृतपणे जाहीर केली. तेव्हा टोबित आपण मागाहून घुसवलेले नाही. मृत समुद्राजवळ कुमरान येथील चौथ्या गुहेत टोबितच्या अरामी आणि हिब्रू प्रतींचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे येशूच्या काळाच्या आसपास त्या भागातील यहुदी लोकांकडेही हा ग्रंथ होता.

जालनाकर

मी सीएनआयचा आहे, त्यामुळे मामांची बाजूही येथे मांडली जावी असे वाटते. हिब्रू शास्त्राच्या यहुदी यादीत हे सात ग्रंथ नाहीत आणि आमच्या सुधारकांनी ती यादी प्रमाण मानली. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे तुमचे संत जेरोमही या बाबतीत हिब्रू यादीकडेच झुकलेले होते, हे गोदाकाठ यांनी सांगायला हवे होते. मात्र आमच्या पूर्वजांनी हे ग्रंथ फेकून दिले असेही नाही. लूथरच्या 1534 च्या जर्मन बायबलमध्ये ते दोन करारांच्या मध्ये वेगळे छापलेले आहेत आणि 1611 च्या इंग्रजी बायबलमध्येही ते होते. अँग्लिकन परंपरेचे म्हणणे असे की, सदाचरणाच्या बोधासाठी ते वाचावेत, पण त्यांच्या आधारावर सिद्धान्त उभा करू नये. तेव्हा लग्नात टोबित ऐकून मामांचे काही बिघडले नाही, त्यांनी फक्त पत्ता विचारला. माझा खरा प्रश्न पुढचा आहे. यादी ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, ठरवायची आणि अर्थही सभेनेच ठरवायचा असेल, तर सभा शास्त्राच्या वर जाऊन बसत नाही काय?

पैठणचा_वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण जेरोमचे नाव निघाले म्हणून लिहितो. आमच्या गावी संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. हाती लिहिलेल्या प्रतींत पाठ बिघडले होते, म्हणून नाथांनी ते शोधून ग्रंथ नीट केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. जेरोमचे काम याच जातीचे होते काय?

गोदाकाठ

पैठणच्या दादांनी दिलेला दाखला एका मर्यादेपर्यंत अगदी चपखल आहे. पोप दमासस यांच्या सांगण्यावरून जेरोम यांनी 382 च्या सुमारास लॅटिन शुभवर्तमानांच्या निरनिराळ्या प्रती ग्रीक मुळाशी ताडून दुरुस्त करायला घेतल्या आणि पुढे जुन्या कराराचे बरेचसे भाषांतर थेट हिब्रूवरून केले. मात्र पाठ शुद्ध करणे हे एक काम आणि कोणते ग्रंथ प्रमाण मानायचे हे ठरवणे हे दुसरे काम. दुसऱ्या कामात एकट्या जेरोम यांचे मत चालले नाही. जालनाकर म्हणतात ते खरे आहे, त्यांना या ग्रंथांबद्दल शंका होती. तरीही टोबितचे भाषांतर त्यांनी केलेच.

आता सभा शास्त्राच्या वर बसते काय, याविषयी. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 18 नोव्हेंबर 1965 रोजी "देई वेर्बुम" (देवाचे वचन) हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, शिकवण देणारा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो त्या वचनाचा सेवक आहे. प्रत्येक ओळीचा अर्थ रोमहून ठरून येतो ही समजूत मात्र चुकीची आहे. पोप बारावे पायस यांनी 1943 मध्येच लिहून ठेवले होते की, ज्यांचा अर्थ ख्रिस्तसभेने अधिकाराने निश्चित केला आहे अशी वचने फार थोडी आहेत. बाकी सगळे रान अभ्यासाला मोकळे आहे, आणि आपण ते पडीक ठेवले आहे ही आपलीच चूक.

अक्षरशः घ्यायचे काय, या प्रश्नावर "देई वेर्बुम" सांगते की, लेखकाला काय म्हणायचे होते ते आधी पाहा, त्यासाठी तो काव्य लिहितो आहे, इतिहास लिहितो आहे की दृष्टान्त सांगतो आहे ते ओळखा, आणि मग त्या वचनाकडे संपूर्ण शास्त्राच्या एकतेत व ख्रिस्तसभेच्या जिवंत परंपरेत पाहा. हे वाचायला कोरडे वाटते, म्हणून वर्गात घडलेली गोष्ट सांगतो. पेरणाऱ्याचा दृष्टान्त चालू होता. एका आजोबांनी मध्येच विचारले, "फादर म्हणतात बी वाटेवर पडले, खडकावर पडले, काट्यांत पडले. हा कसला शेतकरी? तिफणीच्या चाड्यातून सोडलेले बी वाटेवर जाईल कसे?" प्रश्न शंभर टक्के रास्त होता. येशूच्या देशात बी हाताने फोकून पेरत, म्हणून ते चहूकडे पडे. एवढे कळले की पेरणारा वेंधळा वाटत नाही. मग चांगल्या जमिनीत पडलेल्या बियाला आलेल्या शंभरपट पिकाची गोष्ट निघाली. ज्वारीच्या एका कणसात शेकडो दाणे मोजणाऱ्या आपल्या लोकांना तो आकडा मोठा वाटला नाही. तेव्हा मी उत्पत्तीचा 26 वा अध्याय काढला. तेथे इसहाकाला एका वर्षात शंभरपट पीक मिळते आणि ते परमेश्वराच्या आशीर्वादाने मिळाले असे लिहिले आहे. येशूचे श्रोते ते शास्त्र लहानपणापासून ऐकत आलेले होते, त्यामुळे शंभरपट हा शब्द त्यांच्या कानी आशीर्वाद म्हणूनच पडला असणार. एका ग्रंथाच्या प्रकाशात दुसरा वाचायचा तो असा.

मुलाच्या प्रश्नाबद्दल त्याला शाबासकी द्या. संत ऑगस्टीन यांनाही हे सहा दिवस आपल्या चोवीस तासांच्या दिवसांसारखे वाटले नव्हते, आणि ते पाचव्या शतकाच्या आरंभी, दुर्बिणीच्या कितीतरी आधी. तो अध्याय मुलाबरोबर वही घेऊन वाचा. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी, पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन, सहाव्या दिवशी जनावरे आणि माणूस. आधी जागा तयार होतात, मग त्या भरतात, आणि सातवा दिवस विश्रांतीचा. ही रचना काव्याची आहे. शेजारची राष्ट्रे सूर्याला देव मानत होती, आणि येथे त्याला चौथ्या दिवशी टांगलेला दिवा करून टाकले आहे. लेखकाला पंचांग सांगायचे नव्हते.

वाचक_वैजापूर

सर्वांचे आभार. काल रात्री गोदाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे वहीत दोन रकाने आखले. मुलाने सहा दिवस स्वतःच भरले आणि सातवा कोणत्या रकान्यात घालायचा म्हणून बराच वेळ पेन्सिल धरून बसला. शेवटी तो त्याने दोन्हींच्या खाली आडवा लिहिला.

त्यानंतर टोबितचा आठवा अध्याय पुन्हा उघडला. इतकी वर्षे लग्नात वाचूनही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. टोबिया त्या प्रार्थनेत आदाम आणि हव्वेचे नाव घेतो आणि "मनुष्याने एकटे असणे बरे नाही" हे उत्पत्तीतले वचन देवाला आठवण करून देतो. साराचे आधीचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेलेले आहेत, स्वतःचेही तेच होईल ही भीती आहे, आणि अशा वेळी तो आदामाच्या गोष्टीतून आपल्याला हवे ते नेमके काढतो. दिवस किती, बरगडी कोणती, हे त्याच्या मनातही येत नाही.

जाऊबाईंच्या मामांना आता टोबित वाचायचे आहे, पण ते मराठीत कोठे मिळेल?

गोदाकाठ

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे "सुबोध बायबल" मिळवा. धाराशिवला जानेवारी 2020 मध्ये झालेल्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते. दुसरे कोणतेही बायबल विकत घेण्याआधी अनुक्रमणिका मात्र पाहून घ्या. कॅथलिक आवृत्तीत नहेम्याच्या पुढे टोबित येते.

जालनाकर

मामांना सांगा, टोबिया प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्राही बरोबर निघतो. मी आमच्या यादीबाहेरचे म्हणून ते पुस्तक हातात घेतले, आणि त्या कुत्र्यापायी शेवटपर्यंत वाचले.