मदत हवी आहे: 'वेस्ट टोनर' भरल्याचा इशारा, डबा रिकामा करू का?

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर तीन दिवस 'वेस्ट टोनर बॉक्स भरत आला' असं येतंय (टोनर म्हणजे छपाईची शाईची पूड; कागदावर न लागता उरलेली पूड या डब्यात जमा होते). टोनर कमी असल्याचं दाखवलं की कार्ट्रिज हलवून थोडं ढकलता येतं, ते मी करतेच. पण हा डबा? साहेब म्हणतात, कचऱ्यात झटकून परत बसवा. मला धास्ती वाटते. ती पूड इतकी बारीक की साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या फिल्टरमधूनही उडते, आणि गरम पाण्याने पुसली तर डाग आणखीच चिकटतो (एक ओढणी गेली आहे).

मेकॅनिक सोमवारी येणार, टेंडरच्या चारशे प्रती शुक्रवारी हव्यात. इशाऱ्यानंतर मशीन साधारण किती प्रती काढतं? डबा रिकामा करून वापरलाय का कुणी? डबा भरल्याचं ओळखणारा सेन्सर फसून पूड मशीनच्या आत सांडली तर?