विषय: १०९९-एचसी आलाच नाही, दंड बसेल?

नमस्कार मंडळी,
ऑगस्टमध्ये आम्ही टेक्सासहून श्रूजबरीला आलो. काल टॅक्स भरायला बसलो तर मॅसॅच्युसेट्सच्या भागात १०९९-एचसी, म्हणजे आरोग्य विमा असल्याचा फॉर्म, मागतोय. डॅलसला आमच्या एचआरला फोन केला. बाई म्हणाल्या, असला फॉर्म आम्ही ऐकलाच नाही, आम्ही १०९५ देतो. विम्याचं कार्ड आहे, दर पगारातून पैसे कापतात, मग अडचण कसली?
– श्रूजबरीकर

उत्तर:
अरे, १०९५ केंद्राचा, १०९९-एचसी आपल्या राज्याचा. विमा नसल्याबद्दलचा केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य झाला, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांना वाटतं की प्रकरण मिटलं. मोठ्या माणसांकडे विमा हवाच, हा इथला कायदा २००६चा, मिट रॉम्नी गव्हर्नर असतानाचा, आणि तो चालू आहे. शिवाय नुसता इन्शुरन्स असून भागत नाही. २००९ पासून तो 'मिनिमम क्रेडिटेबल कव्हरेज'मध्ये, म्हणजे राज्याने ठरवलेल्या किमान विमा-संरक्षणात, बसावा लागतो.

मेख अशी की ही अट कंपनीवर नाही, तुझ्यावर आहे. प्लॅन तकलादू निघाला तर दंड तू भरायचा. मीही एका वर्षी त्यात अडकलो होतो. कार्ड चांगलं चकचकीत होतं. प्लॅनची पुस्तिका उघडली तर हॉस्पिटलात रोजचे ठरावीक डॉलर मिळणार आणि औषधांसमोर चक्क 'नाही'. त्या वर्षी अपील करून सुटलो.

तू पुस्तिकेत औषधं, बाळंतपण, मानसिक आजार हे सगळं आहे का ते बघ. वर्षाला किंवा एका आजाराला अमुकच डॉलर, अशी ओळ दिसली तर समज की घोळ आहे. प्लॅन बसत असेल तर फॉर्मवाचून अडत नाही, शेड्यूल एचसीवर (राज्याच्या टॅक्स रिटर्नमधला विम्याचा तक्ता) इन्शुरन्स कंपनीचं नाव आणि कार्डावरचा नंबर घाल. बसत नसेल तर अपील. कंपनीने दुसरा प्लॅन दिलाच नव्हता, हे कारण तिथे मांडता येतं. आणि विम्यात सलग तीन महिन्यांपर्यंतचा खंड पडला तर दंड नाही, तेव्हा आत्ताच घाबरू नकोस.
– फ्रेमिंगहॅमचा काका

काका, मधेच विचारते. मे महिन्यात सासूबाई-सासरे येतायत, व्हिजिटर इन्शुरन्सवर. त्यांनाही हे लागू?
– वेस्टबरोहून

नाही हो वहिनी, ते पाहुणे, इथले रहिवासी नव्हेत. पण उद्या ग्रीन कार्डावर कायमचे राहायला आले तर नियम त्यांनाही लागू, आणि तेव्हा व्हिजिटर इन्शुरन्स चालणार नाही. मग हेल्थ कनेक्टर या राज्याच्या विमा-बाजाराच्या साइटवर त्यांच्यासाठी प्लॅन बघावा लागेल.
– काका

काका, पुस्तिका मिळाली, ऐंशी पानांची. औषधं सापडली, बाळंतपणही आहे. मानसिक आजाराच्या परिच्छेदापाशी अडलोय, तीनदा वाचला.
– श्रूजबरीकर

पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन ये. श्रीखंडाच्या रांगेत बघू.
– काका