मदत हवी आहे: १० × ८ फुटांच्या खोलीत शिवण आणि कागदकाम दोन्ही बसवायचंय

चिकटपट्टी:
घरातली एक खोली क्राफ्टसाठी मोकळी झाली आहे. खिडकी एका ८ फुटी भिंतीत, दार तिच्या समोरच्या भिंतीत, आत येताना डाव्या कोपऱ्यात. सामान: शिवणयंत्र, जुनं जेवणाचं टेबल (४ × २.५ फूट, उंची २९ इंच), कार्डशीटचे गठ्ठे, लोकर, बटणं-मणी आणि अधूनमधून लागणारं रेझिन (साच्यात ओतून घट्ट होणारा द्रव).
१. मोठं टेबल मधोमध ठेवावं की भिंतीला?
२. कापड बेतताना पाठ भरून येते. उंची किती हवी?
३. कागद उभा ठेवला की कागद वाकतो, आडवा ठेवला की फळी वाकते. काय करू?
४. डबे कोणत्या मापाचे घेऊ?

टाकाधागा:
डबे सगळ्यात शेवटी. आधी टेबलं, मग फळ्या, मग फळ्यांच्या आतल्या मापाने डबे. उलटं केलंत तर अर्ध्या इंचासाठी डबा अडतो.

टेबल मधोमध नको. खोलीची रुंदी ९६ इंच. ३० इंची टेबल मधे उभं घातलं तर दोन्हीकडे ३३ इंच उरतात, आणि एका बाजूला १३ इंच खोल फळ्या आल्या की तिथे राहतात फक्त २०. त्यापेक्षा टेबलाची अरुंद बाजू उजव्या लांब भिंतीला टेकवा. तीन बाजूंनी फिरता येतं आणि समोरच्या फळ्यांपर्यंत ३५ इंच मोकळे मिळतात.

त्याच भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यात मशीनचं ३ फुटी टेबल. भिंतीकडे तोंड करून बसलात की उजेड डावीकडून येतो, उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. (डावखुरे असाल तर हे सगळं उलटं करा.) मशीन टेबलाच्या उजव्या कडेला सरकवा. सुईच्या डावीकडे १८-२० इंच पृष्ठभाग हवा, नाहीतर जड कापड खाली लोंबतं, फीड (कापड पुढे सरकवणारी पट्टी) ओढलं जातं आणि शिलाई तिरकी पडते. दोन टेबलांत ३० इंच अंतर ठेवा, खुर्ची मागे घेता येईल.

बेतण्याची उंची: चप्पल घालून सरळ उभ्या राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यातून ४ इंच वजा करा.

रंधा:
फळ्यांबद्दल. ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ५०० ए४ कागदांचं वजन अडीच किलो. तेवढीच कार्डशीट २५० जीएसएमची असेल तर पावणेआठ किलो. ३ फुटी फळीवर असे चार गठ्ठे म्हणजे ३१ किलो. पार्टिकल बोर्ड हे पेलणार नाही, काही महिन्यांत मधे झोल येईल. १८ मिमी प्लाय घ्या, कागदासाठी दोन आधारांतलं अंतर २ फुटांच्या वर नको आणि पुढच्या कडेला दीड इंची लाकडी पट्टी उभी मारा. या पट्टीमुळे फळी आणखी कमी वाकते.

कागद आडवाच ठेवा, पण २-३ इंच उंचीच्या कप्प्यांत. उंच गठ्ठ्यातून खालचा कागद ओढताना कोपरे दुमडतात. १२ × १२ इंची कागद असेल तर कप्पा आतून १३ इंच करा, म्हणजे बोटं आत जातात.

भिंतीवर पेगबोर्ड (हूक अडकवायचा भोकांचा फळा) लावणार असाल तर मागे १ इंच जाडीच्या पट्ट्या ठोकून मग लावा. थेट भिंतीला चिकटवला तर हूक आत शिरतच नाहीत. बोर्ड बसवून झाल्यावरच हे बहुतेकांच्या लक्षात येतं.

आणि हो, दाराचं पान उघडतं ती ३ फूट जागा फळ्यांतून वगळा.

चिकटपट्टी:
कोपर ३९ इंचांवर आलं. म्हणजे ३५. टेबल २९ चं आहे, पायांखाली ६ इंची ठोकळे चालतील का?

रंधा:
ठोकळे ७ इंची घ्या आणि वर १ इंच खोल खाच पाडून घ्या, पाय त्या खाचेत बसला पाहिजे. सपाट ठोकळ्यावरून टेबल सरकतं, रोटरी कटरवर (फिरत्या गोल पात्याच्या कटरवर) जोर दिला की हमखास.

कातरवेळ:
रेझिन या खोलीत शक्यतो नको. लोकर-कापडाची लव ओल्या रेझिनवर बसते आणि कायमची अडकते. शिवाय वासाची कोंडी होते. दुसरीकडे जागाच नसेल तर खिडकी उघडी, हातात नायट्राइलचे मोजे, आणि ओतून झाल्यावर वर खोका पालथा घाला. घट्ट व्हायला साधारण २४ ते ७२ तास लागतात, तेवढा वेळ तिथे शिवण बंद. टेबलाची पातळी पाणसळीने तपासा. पृष्ठभाग उतरता असेल तर एक कड जाड होते.

इस्त्रीला भिंतीतला स्वतंत्र सॉकेट द्या. इस्त्री बरीच वीज खेचते, गरम गोंदाच्या ग्लू गनसोबत हलक्या एक्स्टेन्शनवर लावली तर वायर तापते. कटिंग मॅटवर इस्त्री किंवा ग्लू गन टेकवू नका, मॅट खिडकीतल्या उन्हातही ठेवू नका. एकदा पोक आलेली मॅट सहसा पुन्हा सपाट होत नाही.

डबे: मणी-बटणांना पारदर्शक. रंगीत दोऱ्यांना अपारदर्शक किंवा बंद खण, कारण उन्हाने रंग विटतो. नाव झाकणावर न लिहिता पुढच्या बाजूला लिहा. दोन टोकांचे अल्कोहोल मार्कर आडवे ठेवा, उभे ठेवले तर वरचं टोक कोरडं पडतं.