नव्या एम5 चे आकडे : 727 अश्वशक्तीचा आनंद मानावा की 2,435 किलोंची खंत करावी?

आर्वीकर (आर्वी, जि. वर्धा)

बीएमडब्ल्यूची सातव्या पिढीची एम5 ही गाडी 2024 मध्ये आली, तेव्हापासून तिच्या आकड्यांवरून आमच्या मित्रमंडळींत वाद चालू आहे. आकडे असे आहेत : दोन टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) असलेले 4.4 लिटरचे व्ही-8, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर मांडलेले पेट्रोल इंजिन 585 अश्वशक्ती देते, गिअरबॉक्समध्येच बसवलेली विद्युत मोटर 197 देते आणि दोन्ही मिळून 727 अश्वशक्ती व 1,000 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो. (दोघांची कमाल शक्ती एकाच वेळी येत नाही, म्हणून साधी बेरीज जुळत नाही.)

एवढे वाचून कोणाचाही ऊर भरून येईल. पण त्याच तक्त्यात वजन लिहिले आहे : 2,435 किलो. 2017 मध्ये आलेली मागची एम5 सुमारे 1,900 किलोंची होती आणि 600 अश्वशक्तीवर शून्यापासून शंभरचा वेग 3.4 सेकंदांत गाठत होती. नवीला 127 अश्वशक्ती जास्त मिळूनही त्यासाठी 3.5 सेकंद लागतात. दर टनामागे हिशेब केला तर जुनीच्या वाट्याला सुमारे 316 अश्वशक्ती येते आणि नवीच्या वाट्याला 299. वाढलेले वजन किती, हे आपल्या भाषेत सांगायचे तर जिनिंगमधून 170 किलोंची रुईची गाठ निघते, तशा तीन गाठी या गाडीत कायमच्या भरलेल्या आहेत.

शंकरपट (बैलजोडीची शर्यत) पाहत मोठ्या झालेल्या माणसाला हे पटणे कठीण आहे. पटावर जोडीचा निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो, म्हणून छकडा जितका हलका करता येईल तितका केला जातो. बैल तगडे मिळाले म्हणून छकड्यावर ओझे टाकावे, असे कोणीही म्हणत नाही. 1985 ची पहिली एम5 286 अश्वशक्तीची आणि साधारण 1,430 किलोंची होती, आणि तिचे नाव झाले ते त्या मेळामुळे. माझे म्हणणे स्पष्ट आहे : ही गाडी शक्तिशाली आहे, पण तिला पुढचे पाऊल म्हणता येणार नाही.

अभियंता (पुसद, जि. यवतमाळ)

आर्वीकर भाऊ, गाठींचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. शून्य ते शंभर हा आकडा इंजिनाइतकाच टायरच्या पकडीवर अवलंबून असतो. खरी शक्ती त्यापुढे दिसते. शून्य ते दोनशेचा आकडा पाहा : जुन्या गाडीला 11.1 सेकंद लागत होते, नवीला 10.9 लागतात. म्हणजे तीन गाठी अंगावर घेऊनही नवी गाडी पुढे निघते.

छकड्याची उपमाही इथे पुरती लागू पडत नाही. छकडा फक्त ओढला जातो, तो स्वतः ओढत नाही. इथे वाढलेल्या वजनाचा मोठा भाग बॅटरी आणि मोटरचा आहे, आणि तो भाग स्वतः ओढतो. टर्बो इंजिनाची जुनी दुखरी नस आपण सर्वजण जाणतो : पाय दाबला तरी एक्झॉस्टचा वायू टर्बाइनला पुरेसा फिरवेपर्यंत गाडी क्षणभर थांबल्यासारखी वाटते. बीएमडब्ल्यूने टर्बो व्ही आकाराच्या खाचेतच बसवून एक्झॉस्टचा मार्ग आखूड केला आणि ही अडचण बरीच कमी केली होती, पण ती पूर्णपणे गेली नव्हती. विद्युत मोटर 280 न्यूटन-मीटर देते, गिअरबॉक्सच्या आधीच्या दातेरी जोडणीमुळे त्याचा परिणाम 450 इतका होतो, आणि हा टॉर्क पाय दाबताच हजर असतो. ज्या क्षणी टर्बो श्वास भरून घेत असतो, तो क्षण मोटर भरून काढते. याला मी प्रगतीच म्हणेन.

कंपनीसमोर पर्याय कोणते होते, तेही लक्षात घ्या. युरोपात कंपनीच्या विकलेल्या सर्व गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाला मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर दर गाडीमागे, दर ग्रॅमला 95 युरो दंड पडतो. बॅटरी नाकारली असती, तर हे व्ही-8 टिकवणे फार अवघड झाले असते.

गॅरेजवाला (कारंजा लाड, जि. वाशिम)

मी ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांचे टर्बो उघडतो. असली गाडी मी उघडलेली नाही, पण हवा आणि उष्णता यांचे नियम दोन्हीकडे सारखेच असतात.

इंजिनाची शक्ती 25 अंश तापमानाच्या मानाने दुरुस्त करून कागदावर लिहिली जाते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी 46 अंश असतात आणि तेवढ्यानेच हवा सुमारे सात टक्के विरळ होते. टर्बो अधिक वेगाने फिरून ही तूट भरू शकतो, परंतु हवा जितकी जास्त दाबली जाते तितकी ती जास्त तापते आणि इंटरकूलरला तीच तापलेली हवा बाहेरच्या तापलेल्या हवेने गार करावी लागते. शिवाय तापलेल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी पेटून ठोका बसू नये म्हणून संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो. पेट्रोल कमी ऑक्टेनचे, म्हणजे अवेळी लवकर पेटणारे असेल तर ती आणखी मागे जाते. साधे पेट्रोल 91 ऑक्टेनचे असते. 95 चे मिळणारा पंप आमच्या गावाकडे शोधावा लागतो. त्यामुळे 585 हा आकडा मी बीएमडब्ल्यूच्या म्युनिकचा मानतो, कारंज्याच्या मे महिन्यात तो तसाच मिळेल असे मी कोणालाही सांगणार नाही. विद्युत मोटरला मात्र विरळ हवेचा फरक पडत नाही, एवढे पुसदच्या भाऊंच्या बाजूने नोंदवतो.

वजनाबाबत मी आर्वीकरांच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण ब्रेक आहे. एकाच वेगावरून थांबताना 1,900 ऐवजी 2,435 किलो थांबवायचे असतील तर जिरवायची ऊर्जा 28 टक्के वाढते. थोडी मोटर परत घेते. पण जोराचा ब्रेक लागला की उरलेली सारी डिस्क आणि पॅडवर येते. टायरचेही तसेच आहे. समृद्धी महामार्ग आमच्या जवळून जातो, उन्हाळ्यात त्याचे काँक्रीट किती तापते हे त्यावर थांबलेल्या माणसाला विचारावे. तिथे वेगमर्यादा 120 ची आहे, त्यामुळे 305 चा कमाल वेग इथे कोणाच्या कामाचा नाही. परंतु अडीच टनांच्या गाडीचा टायर 120 वरही तापतोच.

गुरुजी (मेहकर, जि. बुलढाणा)

एक गोष्ट राहून जात आहे. मर्सिडीज-एएमजीने 2022 मध्ये आपल्या सी63 या गाडीतले 4.0 लिटरचे व्ही-8 काढले आणि 2.0 लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन बसवले. ते एकटे 476 अश्वशक्ती देते आणि मोटरसह 680. अभियांत्रिकी म्हणून हे विलक्षण आहे, आणि तरीही त्या गाडीचे वजन 2,100 किलोंच्या वर गेलेच. म्हणजे सिलिंडर निम्मे केले, आवाज गमावला आणि हलकेपणाही हाती आला नाही. दोन्ही गाड्या नोव्हेंबर 2024 मध्ये भारतात आल्या : सी63 1.95 कोटींना, एम5 1.99 कोटींना, तेही शोरूमच्या दारात. एवढे पैसे मोजणाऱ्याला चार सिलिंडर आणि आठ सिलिंडर यांतून निवड करायची असेल, तर मला उत्तर अवघड वाटत नाही.

आर्वीकर

गुरुजी, व्ही-8 राखले याचा आनंद मलाही आहे. माझी तक्रार बॅटरी घेतल्याची नसून केवढी घेतली याची आहे.

बॅटरीत वापरण्याजोगे 18.6 युनिट आहेत आणि मोटर 145 किलोवॅटची आहे. मोटरने सतत पूर्ण जोर लावला तर साठा पावणेआठ मिनिटांत संपेल. पोर्शने 2024 च्या 911 कॅरेरा जीटीएसमध्ये वेगळी वाट धरली. तिथे बॅटरी फक्त 1.9 युनिटची आहे, टर्बोच्या दांड्यावरच छोटी मोटर बसवून एक्झॉस्टची वाट न पाहता टर्बो फिरवला आहे आणि दुसरी मोटर गिअरबॉक्समध्ये आहे. एकूण 541 अश्वशक्ती, शंभरला 3.0 सेकंद, आणि आधीच्या गाडीपेक्षा वजन वाढले अवघे 50 किलो. टर्बोचा विलंब घालवायला एक गाठसुद्धा लागली नाही, मग बीएमडब्ल्यूला तीन का लागाव्यात?

अभियंता

ब्रेकच्या मुद्द्यावर मी माघार घेतो. गॅरेजवाल्या भाऊंचे 28 टक्के खोडून काढता येणार नाहीत. पावणेआठ मिनिटांचा हिशेबही गणिताने बरोबर आहे, पण इतका वेळ पाय पूर्ण दाबून कोणी चालवत नाही आणि प्रत्येक ब्रेकला बॅटरी थोडी परत भरते.

पोर्शची तुलना मात्र मला मान्य नाही. ती गाडी केवळ विजेवर चालत नाही. एम5 निव्वळ विजेवर 140 च्या वेगापर्यंत जाते आणि युरोपीय चाचणीत 67 ते 69 किलोमीटर चालते. कागदावरचे तिचे उत्सर्जन कमी दिसते ते त्यामुळेच. शिवाय ती चार दारांची, पाच माणसांची गाडी आहे, 911 चे मागचे आसन आपल्यापैकी कोणाच्याही घरच्यांना पुरणार नाही. तरी एवढे मान्य करतो की 69 किलोमीटरऐवजी तिसरा हिस्सा अंतर चालेल एवढीच बॅटरी घेतली असती, तर टर्बोचा विलंब तितकाच भरून निघाला असता आणि गाडी लक्षणीय हलकी झाली असती. मग दंडाच्या हिशेबाला ती पुरली असती का, यावर मात्र आपला वाद चालूच राहील.