घरातले मीठ हळूहळू कसे कमी करावे?

प्रश्न:
वडिलांना उच्च रक्तदाब असल्याने डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले आहे. आईने लगेच त्यांच्यासाठी वेगळी, अळणी भाजी करायला सुरुवात केली. परंतु आमच्या ताटातले लोणचे-पापड पाहून ते चार घास खाऊन उठतात, नाहीतर वरून मीठ मागून घेतात. घरात आम्ही चौघे आहोत. जेवणाची चव न घालवता पायरीपायरीने काय करता येईल?

प्रतिसाद १:
वेगळी भाजी करणे आधी थांबवावे, असे मी आग्रहाने सुचवेन. एकट्यासाठी निराळे शिजवले की आजारपणाची आठवण प्रत्येक घासाला होते, शिवाय कमी मिठाची गरज तुम्हा सर्वांनाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही भरणार नाही, एवढी मर्यादा सांगितली आहे. मिठाच्या नव्या पुड्यावर तो उघडल्याची तारीख लिहून ठेवा. १ किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज सुमारे ८ ग्रॅम पडतात, आणि त्यात विकतचे फरसाण, पाव, बिस्किटे धरलेली नाहीत. तोच पुडा आधी पाच आणि पुढे सात आठवड्यांहून अधिक पुरेल, असे ध्येय ठेवा.

प्रतिसाद २:
वरील हिशेब उत्तम आहे. कपात कुठून करायची, एवढीच भर घालते. पोळीची कणीक आणि भात यांतले मीठ सर्वांत आधी बंद करावे, कारण भाजी-आमटीबरोबर खाताना ते कमी झालेले फारसे जाणवत नाही. त्यानंतर आमटी-भाजीतले मीठ दर पंधरवड्याला थोडेसेच उतरवावे. जिभेला सवय होण्यास काही आठवडे लागतात, म्हणून घाई करू नये. मात्र त्या काळात चव दुसरीकडून द्यावी लागते: आमटीत आमसूल किंवा चिंच, भाजीवर लिंबू आणि भरपूर कोथिंबीर, ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घातले तर चिमूटभरही पुरते. आधी घातल्यास काकडीला पाणी सुटते आणि मग पुन्हा मीठ घालावेसे वाटते. लोणच्याची बरणी आणि मिठाचे भांडे जेवताना समोर ठेवू नये. पापड, कुरडया, सांडगे रोज न करता एखाद्या सणावारासाठी राखावेत.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आईला कणकेची सूचना लगेच पटली. साध्या मिठाऐवजी सैंधव वापरले तर चालेल का? बाजारात ‘कमी सोडियम’ असे लिहिलेले मीठही मिळते.

प्रतिसाद ३:
सैंधवही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे रक्तदाबासाठी त्याचा वेगळा लाभ नाही. शिवाय आयोडीन मिळत राहावे म्हणून आयोडीनयुक्त मीठच थोडे वापरणे अधिक योग्य. कमी सोडियमच्या मिठात मात्र सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असल्यास रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होऊ शकतो. म्हणून वडिलांच्या गोळ्यांची नावे दाखवून आधी डॉक्टरांना विचारा आणि तोवर ते मीठ घरात आणू नका. जेवणात मीठ उतरत असताना रक्तदाबाची नोंदही नियमित ठेवा, आणि आकडे कमी आले तरी गोळ्या स्वतःहून बंद करू देऊ नका.