ग्वाग्वांको ड्रमसेटवर : आधी क्लावे पायात बसवा
प्रश्न असा आहे की ग्वाग्वांकोचा, म्हणजे क्युबातल्या रुंबाच्या एका प्रकाराचा, कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) पॅटर्न ड्रमसेटवर जसाच्या तसा बसवला तरी तो रुंबा का वाटत नाही. अहो, कारण खऱ्या रुंबात एकच माणूस वाजवत नसतो, क्लावे (दोन काठ्यांवरचा, सगळ्यांना बांधून ठेवणारा पाच ठोक्यांचा ठेका) एकाकडे, बांबूवर काठ्या दुसऱ्याकडे, खालच्या सुराचे दोन कोंगे मिळून धून बांधतात आणि वरच्या सुराचा कोंगा, किंतो, नाचणाऱ्याशी बोलत असतो!

मी आधी स्नेअर ड्रमच्या खालची तार सोडतो, नाहीतर टॉमवर (सेटमधल्या बिनतारेच्या ड्रमवर) हात पडला की ती खरखरत राहते. मग उजवा हात फ्लोअर टॉमच्या रिमवर (कडेवर), काठ्यांचा पॅटर्न, डावा दोन टॉमवर, कोंग्यांची धून, आणि रुंबा क्लावे डाव्या पायाने, पेडलने वाजणाऱ्या ब्लॉकवर, क्युबन ड्रमर ओरासिओ 'एल नेग्रो' एर्नांदेस वाजवतो तसं. क्लावेचा तिसरा ठोका चौथ्या बीटवर नाही, त्याच्या 'अँड'वर, म्हणजे अर्धा बीट पुढे. तोही घड्याळासारखा नको, जरा सहा-आठच्या (6/8) तालाकडे झुकलेला, हे कागदावर लिहिताच येत नाही म्हणून लोस मुन्येकितोस दे मातान्सास ऐका, १९५२ पासूनचा क्युबातला रुंबा ग्रुप आहे, आठवडाभर नुसतं ऐकत क्लावे टाळीवर धरा. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) अगदी कमी ठेवा, तिने सगळं जड होतं.